ख्रिस्ती विश्वास आणि सैन्यसेवेला नकार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न साधारण दोन प्रकारची माणसं विचारतात, एक म्हणजे ज्याच्या घरी भरतीचं पत्र येऊन पडलंय तो आणि दुसरा ज्याला नुसता वाद घालायचाय तो. उत्तरं दोघांसाठी तीच आहेत, पण पहिल्याला घाई असेल तर त्याने सरळ खाली बोर्डाच्या, म्हणजे नकाराचे अर्ज तपासणाऱ्या मंडळाच्या, प्रश्नावर जावं, इतिहास नंतर वाचला तरी चालेल.

सद्सद्विवेकबुद्धीने नकार म्हणजे नक्की काय?

सरकार म्हणतं सैन्यात या, आणि माणूस म्हणतो की माझा देव, माझा विश्वास मला हे करू देत नाही, शिक्षा झाली तरी चालेल. पळून जाणं, खोटं मेडिकल सर्टिफिकेट आणणं, ओळखीने नाव काढून घेणं हे यात येत नाही. नकार देणारा समोर उभा राहून, स्वतःच्या नावाने नाही म्हणतो. कुणी फक्त बंदुकीला नाही म्हणतो, कुणी युनिफॉर्मलाच नाही म्हणतो, आणि कुणी तर सैन्याच्या बदल्यात दिलेलं सिव्हिल कामसुद्धा नाकारतो, त्यामुळे "मी नकार देणार" एवढं म्हणून भागत नाही, नेमकं कशाला ते आधी स्वतःशी ठरवावं लागतं.

येशूने कुठल्याच सैनिकाला "सैन्य सोड" असं सांगितलं नाही, मग?

बरोबर आहे, नाही सांगितलं. उलट कफर्णहूमच्या शताधिपतीला, म्हणजे शंभर शिपायांवरच्या अधिकाऱ्याला, तो म्हणाला की एवढा विश्वास मला इस्राएलातही दिसला नाही. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे शिपाई आले आणि आम्ही काय करावं असं विचारू लागले तेव्हा त्याने सांगितलं की कुणाला लुबाडू नका आणि आपल्या पगारात समाधान माना, नोकरी सोडा असं काही तो बोलला नाही. पुढे पेत्राने कर्नेल्यच्या घरी बाप्तिस्मा करवला, तोही शताधिपतीच, आणि त्याच्या नोकरीबद्दल तिथे एक शब्द नाही. नकाराच्या बाजूने बोलणारी बरीच मंडळी ही वचनं चटकन ओलांडून पुढे जातात, ते काही बरं नाही, कारण समोरचा ती काढणारच आहे.

पण दुसरी बाजू एखाद्या वचनापुरती नाहीये. डोंगरावरील प्रवचन घ्या, वैऱ्यांवर प्रीती करा, दुष्टाला अडवू नका, एका गालावर मारलं तर दुसरा पुढे करा. हे कुठे बोललं गेलं ते विसरू नका, ऐकणारे लोक रोमी फौजेच्या ताब्यात राहत होते, कोणी तुला एक कोस वेठीस धरलं तर त्याच्याबरोबर दोन कोस जा हे वाक्य त्यांच्यासाठी रस्त्यावर ओझी उचलायला लावणाऱ्या शिपायाबद्दलच होतं. म्हणजे येशूला शत्रू माहीत नव्हता, म्हणून तो असं गोड बोलत होता, हा आक्षेप टिकत नाही. मग अटकेच्या रात्री पेत्राने तलवार काढली, तीही येशूलाच वाचवायला, याहून योग्य कारण तुम्हाला सापडणार नाही, आणि तरी त्याला ती म्यानात घालायला सांगितलं.

हो, लूकच्या बाविसाव्या अध्यायात "झगा विकून तलवार विकत घ्या" असंही आहे, शिष्य म्हणाले दोन आहेत, तो म्हणाला पुरे. त्यावरून सैन्यभरतीचा धडा काढायचा तर मग त्याच रात्री त्यातली एक तलवार वापरल्यावर काय झालं तेही वाचावं लागेल.

"खून करू नको" ही आज्ञा एकटी पुरेशी नाही का?

नाही. ज्या नियमशास्त्रात ती आहे त्याच नियमशास्त्रात देहदंड आहे आणि युद्धाचे नियमही आहेत, त्यामुळे बोर्डासमोर एवढंच बोललात तर समोरचा एका मिनिटात यहोशवाच्या पुस्तकातल्या लढायांवर घेऊन जाईल. ख्रिस्ती नकाराचा आधार येशूचं जगणं आणि वधस्तंभ आहे, दहा आज्ञा त्यामागून येतात. जाता जाता एक गोष्ट, बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात लढाईआधी अधिकाऱ्यांनी लोकांना विचारायचंय की कुणी नवं घर बांधलंय का, द्राक्षमळा लावलाय का, वाङ्निश्चय झालाय का, कुणी घाबरलेला आहे का, आणि अशांना घरी पाठवायचंय. आजच्या बऱ्याच भरती कायद्यांपेक्षा हे मऊच आहे.

सुरुवातीचे ख्रिस्ती खरंच लढत नव्हते का?

"कुणीच लढत नव्हतं" हे खरं नाही. दुसऱ्या शतकाच्या शेवटापासून रोमी फौजेत ख्रिस्ती शिपाई होते याचे पुरावे आहेत. पण त्या काळात मंडळीच्या ज्या शिक्षकांनी यावर लिहिलं त्यांचा सूर जवळपास एकच होता. कार्थेजचा तर्तुल्यन म्हणतो की प्रभूने पेत्राची तलवार काढून घेतली तेव्हा प्रत्येक शिपायाचा पट्टा, म्हणजे त्याच्या नोकरीची खूण, सोडवला. हिप्पोलिटसच्या नावावर असलेल्या नियमावलीत आहे की शिपाई विश्वासात आला तर त्याने हुकूम मिळाला तरी माणूस मारू नये, आणि विश्वासणारा शिपाई व्हायला निघाला तर त्याला बाहेर काढावं. केल्सस नावाच्या टीकाकाराचा आरोप होता की सगळे तुमच्यासारखे वागले तर साम्राज्य रानटी टोळ्यांच्या हातात जाईल, म्हणजे आजही फेकला जातो तोच प्रश्न, आणि ओरिजन या ख्रिस्ती शिक्षकाने साधारण इसवी सन २४८ च्या सुमारास उत्तर दिलं की तुमच्या देवळांतल्या पुजाऱ्यांचे हात रक्ताने विटाळू नयेत म्हणून तुम्ही त्यांना लढाईला नेत नाही, मग आम्हालाही तसंच समजा, आम्ही प्रार्थनेने लढतो. आता यात मूर्तिपूजेचा आणि सम्राटाच्या शपथेचाही भाग होता, सगळा विरोध रक्तपाताला होता असं म्हणता येत नाही.

मला यातला सगळ्यात बोलका माणूस वाटतो तो मॅक्सिमिलियन. साल २९५, आजच्या अल्जेरियातलं तेबेसा गाव, वय २१, बाप स्वतः जुना शिपाई. भरतीसाठी उंची मोजायला उभा केला तर म्हणाला, मी शिपाईगिरी करू शकत नाही, मी वाईट करू शकत नाही, मी ख्रिस्ती आहे. प्रांताधिपती डिओनने त्याला समजावलं की अरे सम्राटांच्या खास पलटणीत ख्रिस्ती आहेत, ते करतात ना नोकरी. त्यावर त्याचं उत्तर असं की त्यांना काय योग्य ते त्यांचं त्यांना माहीत, मी ख्रिस्ती आहे आणि मला वाईट करता येत नाही. त्याचं डोकं उडवलं. त्याने इतर ख्रिस्ती शिपायांना ढोंगी म्हटलं नाही हे लक्षात घ्या, स्वतःपुरतं बोलला आणि तिथेच थांबला.

मग हे बदललं कधी?

चौथ्या शतकात, आणि फार पटकन. ३१३ मध्ये कॉन्स्टंटाइनने धर्माला मोकळीक दिली, ३१४ मध्ये आर्ल इथे भरलेल्या बिशपांच्या सभेत शांततेच्या काळात शस्त्र टाकणाऱ्यांना प्रभुभोजनातून बाहेर ठेवायचा नियम झाला, आणि ४१६ पर्यंत उलटंच होऊन बसलं, सैन्यात फक्त ख्रिस्तीच घ्यायचे असा फर्मान निघाला. तूरचा मार्टिन हा रोमी शिपाई, पुढे बिशप झाला, मधल्या काळातला, ३५६ च्या सुमारास लढाईच्या आदल्या दिवशी म्हणाला की मी ख्रिस्ताचा शिपाई, मला लढता येत नाही, आणि भित्रा म्हटल्यावर उद्या बिनहत्याराचा पहिल्या रांगेपुढे उभा राहतो म्हणाला.

ऑगस्टीनने आणि पुढे १३ व्या शतकात थॉमस अक्वायनसने न्याय्य युद्धाचा विचार मांडला, अक्वायनसच्या तीन अटी: योग्य सत्तेचा हुकूम, खरं कारण, आणि शुद्ध हेतू. बहुतेक चर्च आजही याच रस्त्यावर आहेत. पण एक गोष्ट बरेच जण विसरतात की अटी आहेत म्हणजे अटी पूर्ण न होणारं युद्धही असतं, आणि त्यात जायला नाही म्हणणं हे याच शिकवणीतून निघतं. प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणारा ल्यूथर काही शांततावादी नव्हता, शेतकऱ्यांचं बंड चिरडून टाका असंच त्याने लिहिलं होतं, तरी त्याने १५२६ मध्ये शिपायांना लिहिलं की तुझा राजा चुकीचा आहे हे तुला पक्कं माहीत असेल तर माणसांपेक्षा देवाला भी आणि लढू नको.

कोणत्या मंडळ्या नकाराला पाठिंबा देतात?

जुनी नावं मेनोनाइट, हटराइट, आमिश, क्वेकर आणि ब्रेदरन. अ‍ॅनाबॅप्टिस्टांनी, म्हणजे मेनोनाइट, हटराइट आणि आमिश ज्या चळवळीतून आले तिने, १५२७ मध्ये श्लाइटहाइम इथे तलवार न धरण्याचं कलम कबुलीत घातलं, क्वेकरांनी १६६० मध्ये चार्ल्स दुसऱ्याला लेखी कळवलं की आम्ही कुठल्याच कारणासाठी हत्यार उचलणार नाही. यहोवाचे साक्षीदार स्वतःला शांततावादी म्हणवत नाहीत, ते म्हणतात आम्ही जगाच्या लढायांत तटस्थ आहोत, पण तुरुंगात गेलेल्यांची संख्या पाहिली तर गेल्या शंभर वर्षांत सगळ्यात पुढे तेच. सेव्हन्थ डे अ‍ॅडव्हेंटिस्ट लोकांमध्ये बिनशस्त्र सेवेची परंपरा आहे.

माझं चर्च यातलं नाही, पाळक म्हणतात सैन्यात जाणं हे कर्तव्यच आहे. मग मी नकार देऊ शकतो का?

देऊ शकता, आणि तुम्ही पहिले नाही. खरं सांगायचं तर नकार देणाऱ्याच्या वाट्याला सरकारइतकंच, कधी त्याहून जास्त, आपल्याच चर्चचं बोलणं येतं, आणि हे पहिल्यापासून माहीत असलेलं बरं.

फ्रांझ येगरश्टेटर हा ऑस्ट्रियातल्या सांक्ट राडेगुंड गावचा शेतकरी, कॅथलिक, बायको आणि तीन लहान मुली. हिटलरच्या सैन्यात लढायला तो तयार नव्हता. गावातले ओळखीचे पाद्री, अगदी लिन्झचा बिशपसुद्धा, सगळ्यांनी सांगितलं की घराची जबाबदारी बघ, युद्ध बरोबर की चूक हे ठरवणं तुझ्यासारख्या साध्या माणसाचं काम नाही. त्याने हे ऐकून घेतलं आणि पटलं नाही म्हणून नाही म्हटलं. ९ ऑगस्ट १९४३ ला ब्रांडेनबुर्गच्या तुरुंगात त्याचा शिरच्छेद झाला. युद्धानंतर गावात कित्येक वर्षं बायकोलाच बोल लावले गेले, आणि मग २००७ मध्ये त्याच चर्चने त्याच लिन्झ शहरात त्याला धन्य, म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी, घोषित केलं. चर्च उशिरा का होईना वळलं हे चांगलंच, पण त्या ६४ वर्षांचं काय हा प्रश्न मला तरी सुटत नाही.

आज कॅथलिक असाल तर कागदावर तुमची बाजू बरीच भक्कम आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये म्हटलं की विवेकामुळे शस्त्र न धरणाऱ्यांसाठी कायद्यात माणुसकीची तरतूद असावी, मात्र त्यांनी समाजाची दुसऱ्या प्रकारे सेवा करावी. कॅटेकिझममध्येही, म्हणजे कॅथलिक शिकवणीच्या अधिकृत पुस्तकातही, हेच आहे. पाळकांना माहीत नसेल तर दाखवा.

रोमकरांस पत्र १३ मध्ये "अधिकाऱ्यांच्या अधीन राहा" असं आहे ना?

आहे, आणि त्याच्या लगेच आधी बाराव्या अध्यायात सूड घेऊ नका, शत्रू भुकेला असेल तर त्याला खायला द्या हेही आहे, ते सलग वाचा. बहुतेक नकार देणारे तेरावा अध्याय नाकारत नाहीत, ते हुकूम मोडतात पण शिक्षा चुकवत नाहीत, आणि प्रेषितांची कृत्ये ५:२९ मध्ये माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे असं म्हणणारा पेत्र त्या दिवशी फटके खाऊनच बाहेर आला होता.

शस्त्र न घेता आर्मीत जाणं चालेल का?

चालेल की नाही हे तुमची रेघ कुठे आहे त्यावर आहे.

डेस्मंड डॉस अ‍ॅडव्हेंटिस्ट होता, अमेरिकन आर्मीत मेडिक, म्हणजे जखमींवर उपचार करणारा, झाला, रायफलला हात लावला नाही, बराकीत त्याचा छळ झाला, आणि मे १९४५ मध्ये ओकिनावाच्या कड्यावरून त्याने जखमींना एकेक करून दोराने खाली सोडलं, मानपत्रात आकडा ७५ आहे. त्याला सर्वोच्च शौर्यपदक मिळालं. पण त्याच्याच काळात असे ख्रिस्तीही होते जे म्हणाले की मेडिकसुद्धा शिपायाला बरं करून पुन्हा लढायलाच पाठवतो, मग मी त्या यंत्रणेत कशाला जाऊ. असे सुमारे १२,००० जण अमेरिकेत सिव्हिलियन पब्लिक सर्व्हिसमध्ये, म्हणजे सैन्याऐवजी दिलेल्या नागरी सेवेत, गेले, जंगलातल्या आगी विझवल्या, मनोरुग्णालयांत काम केलं. त्यातल्या ३६ जणांनी मिनेसोटा विद्यापीठात उपासमारीच्या प्रयोगासाठी शरीर दिलं, युद्धानंतर भुकेल्या लोकांना परत कसं खायला घालायचं हे कळावं म्हणून सहा महिने अर्धपोटी राहिले.

आणि तिसरे, जे कशालाच हो म्हणत नाहीत. ब्रिटनमध्ये १९१६ च्या भरतीत यांना अ‍ॅब्सोल्युटिस्ट म्हणत. सैन्याचे हुकूम नाकारणाऱ्या जवळपास पन्नास जणांना फ्रान्सला नेलं, कारण आघाडीवर हुकूम मोडला तर गोळी घालता येते, आणि त्यातल्या ३५ जणांना खरंच मृत्युदंड वाचून दाखवला, वाचणारा थांबला, आणि मग पुढचं वाक्य आलं की शिक्षा १० वर्षं सक्तमजुरीवर आणली आहे. अमेरिकेत १९१८ मध्ये जोसेफ आणि मायकल होफर या हटराइट भावांनी युनिफॉर्म घालायला नकार दिला, अल्काट्राझच्या अंधारकोठडीतून लेव्हनवर्थच्या लष्करी तुरुंगात आणल्यावर दोघंही मेले, आणि एकाच्या मृतदेहावर तोच युनिफॉर्म चढवलेला घरच्यांना बघावा लागला.

यातला कोण जास्त ख्रिस्ती अशी तुलना मी करणार नाही. माझं मत एवढंच आहे की रेघ आधी ठरवा, बराकीत गेल्यावर ठरवणं फार अवघड असतं.

सगळ्याच युद्धांना विरोध हवा का, की फक्त या युद्धाला असला तरी चालतो?

विश्वासाच्या दृष्टीने चालतो, कायद्याच्या दृष्टीने बहुतेक ठिकाणी नाही. लुई नेग्रे हा कॅथलिक तरुण व्हिएतनाम युद्ध अन्याय्य आहे म्हणून जायला तयार नव्हता, न्याय्य युद्धाला त्याचा विरोध नव्हता. १९७१ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने ८ विरुद्ध १ ने सांगितलं की कायद्याची सूट हवी असेल तर प्रत्येक युद्धाला विरोध पाहिजे. म्हणजे बघा, चर्चने शेकडो वर्षं शिकवलं की युद्ध पारखून घ्या, आणि ज्याने पारखलं त्यालाच दार बंद. अमेरिकन बिशपांनी तर त्याआधीच, १९६८ मध्ये, अशा नकाराला कायद्यात जागा द्या म्हणून मागणी केली होती.

बोर्ड किंवा ट्रिब्युनल काय विचारतं?

देशोदेशी पद्धत वेगळी पण गाभा तोच असतो: तुमचा विश्वास नेमका काय, तो कुठून आला, आणि तुमच्या रोजच्या जगण्यात तो दिसतो का. तिसऱ्यावर माणसं अडकतात. पत्र आल्याच्या दुसऱ्या दिवशी जागा झालेला विवेक बोर्डाला पटत नाही, खोटा असतो असं नाही, पण पटत नाही. म्हणून तुम्हाला बऱ्याच काळापासून ओळखणाऱ्या लोकांची पत्रं घ्या, आणि ती सगळी तुमच्याच मताची नसली तर आणखी चांगलं, "मला याचं म्हणणं पटत नाही पण हा खरं बोलतोय" असं लिहिणाऱ्या जुन्या शिक्षकाचं पत्र पाळकांच्या छापील पत्रापेक्षा जास्त वजनदार असतं.

वचनांची यादी पाठ करून जाऊ नका. स्वतःच्या शब्दांत बोला, अडखळलात तरी चालेल. आणि "तुमच्या बहिणीवर कोणी हल्ला केला तर काय कराल" हा प्रश्न येईल, १९१६ च्या ब्रिटिश ट्रिब्युनलपासून तो येतोय. याचं चलाख उत्तर शोधू नका. "मी मध्ये पडेन, जीव घ्यायचा नाही असा प्रयत्न करेन, त्या क्षणी नक्की काय होईल ते मी आज सांगू शकत नाही, पण तो क्षण आणि महिनोन्महिने ट्रेनिंग घेऊन अनोळखी माणसाला मारायला जाणं हे मला एक वाटत नाही" असं काहीसं, तुम्हाला खरंच तसं वाटत असेल तर. नसेल वाटत तर तुमचं जे आहे ते सांगा.

आणि हिटलर?

हा प्रश्न टाळू नये. शांततावाद्यांकडे याला सोपं उत्तर नाही आणि असल्याचा आव आणणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही. एवढं सांगता येतं की हिटलरच्या सैन्यातली बहुसंख्य माणसं बाप्तिस्मा झालेली होती, आणि त्यातल्या किती जणांना चर्चने "तू विचार कर" असं सांगितलं? १५ सप्टेंबर १९३९ ला झाक्सेनहाउझेनच्या नाझी छळछावणीत सगळ्या कैद्यांसमोर ऑगस्ट डिकमानला गोळ्या घातल्या, तो यहोवाचा साक्षीदार होता, सैन्याच्या कागदावर सही करायला नाही म्हणाला होता. म्हणून नकाराचा प्रश्न फक्त हिटलरच्या विरुद्ध बाजूच्या सैनिकांना विचारून चालत नाही.

हा भित्रेपणा नाही का?

काही जणांचा असेलही. वरचे किस्से वाचून ठरवा.

आज कायदा काय म्हणतो?

यूएनच्या मानवाधिकार समितीने १९९३ मध्ये म्हटलं की धर्म आणि विवेकाच्या स्वातंत्र्यातून हा हक्क निघतो. युरोपच्या मानवाधिकार कोर्टाने २०११ मध्ये आर्मेनियातल्या बायात्यान या यहोवाच्या साक्षीदाराच्या केसमध्ये तो मान्य केला. जर्मनीत तर १९४९ पासून तो घटनेतच आहे, आणि त्यामागे कुठला अनुभव होता ते सांगायला नको.

पर्यायी सेवा मात्र बऱ्याचदा मुद्दाम लांब ठेवतात. स्वित्झर्लंडमध्ये ती दीडपट आहे आणि २००९ पासून तेवढी जास्त सेवा करायची तयारी हाच विवेकाचा पुरावा धरतात, मुलाखत नाही, मला ही पद्धत बोर्डापेक्षा बरी वाटते. दक्षिण कोरियात कित्येक दशकं साक्षीदार तरुण ठरल्यासारखे दीड वर्षासाठी जेलमध्ये जायचे, २०१८ मध्ये घटनात्मक कोर्टाने पर्याय द्या म्हटलं, आणि २०२० पासून पर्याय आला तो ३६ महिन्यांचा, कामाची जागा तुरुंगच, फक्त कैदी म्हणून नाही. आर्मीची सेवा त्याच्या निम्मी. एरिट्रियात तीन साक्षीदार १९९४ पासून डिसेंबर २०२० पर्यंत खटल्याशिवाय डांबलेले होते.

युद्ध चालू झालं की शांततेतले कायदे आकसतात, हेही धरून चाला. युक्रेनमध्ये काही ठरावीक धर्मगटांसाठी पर्यायी सेवेचा कायदा होता, २०२२ मध्ये मार्शल लॉ लागल्यावर तो लागू राहिला नाही आणि ख्रिस्ती नकार देणाऱ्यांना शिक्षा झाल्या.

मी लढत नाही, पण माझा टॅक्स तर सैन्यालाच जातो?

क्वेकर जॉन वूलमन १७५० च्या दशकात याच प्रश्नाने अस्वस्थ होता आणि त्याने काही मित्रांबरोबर युद्धाचा कर द्यायला नकार दिला. कोर्टांनी ही वाट मानलेली नाही, अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने १९८२ मध्ये एका आमिश माणसाच्या केसमध्ये स्पष्टच म्हटलं की धार्मिक कारणाने युद्धाला विरोध असला तरी त्या हिश्शाचा टॅक्स रोखता येत नाही. काही जण मुद्दाम टॅक्स लागणार नाही इतकंच कमावतात.

मी आधीच आर्मीत आहे आणि आता मन बदललंय. उशीर झाला का?

नाही. मार्सेलस शताधिपती होता, २९८ मध्ये टँजिअरला सम्राटाच्या वाढदिवसाच्या जेवणात त्याने पलटणीसमोर पट्टा काढून टाकला, त्याला अर्थातच मारलं. आज अमेरिका, ब्रिटन, जर्मनी अशा देशांत स्वतःहून भरती झालेल्या सैनिकालाही अर्ज करून बाहेर पडता येतं, अट अशी की विश्वास भरतीनंतर पक्का झाला हे दाखवावं लागतं. निकाल लागायला महिने जातात आणि तोवर तुम्ही युनिटमध्येच असता, त्याच लोकांबरोबर. अर्ज करायच्या आधी वकिलाशी बोला, युनिटचा पाद्रीही तुमची मुलाखत घेतो पण तो अधिकारीही असतो आणि त्याचा रिपोर्ट फाइलमध्ये जातो, त्यामुळे तिथे मन मोकळं करताना ते ध्यानात ठेवा. अर्ज केला म्हणून न सांगता ड्युटी सोडू नका, तो वेगळा गुन्हा होतो आणि त्या केसमध्ये विवेकाबद्दल कुणी विचारतही नाही.